वावरातली चोरी आणि ठाण्यातली नोंद : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पीक निघायच्या दिवसांत वावरात मोटारपंप, केबल, सोयाबीनच्या गंज्या, तोडणीला आलेला संत्रा असं सगळं उघड्यावर असतं. गावातल्या आणि शिवारातल्या गुन्ह्यांची तक्रार करावी का, कुठं नि कशी, याबद्दलचे प्रश्न आम्ही मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी काही इथं घेतली आहेत. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं मुद्दामच छापलेली नाहीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता (गुन्हे नि शिक्षा सांगणारी) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (तक्रार, तपास नि खटल्याची रीत सांगणारी) लागू झाल्या आहेत, त्यामुळं खालची कलमं या नव्या कायद्यांतली आहेत.

प्रश्न : विहिरीवरची साठेक मीटर केबल रात्रीतून कापून नेली. आमच्या शिवारात हे दरसाल होते. ठाणं दूर, जाण्यायेण्यात दिवसाची मजुरी बुडते आणि केबल काही कोणाची सापडली नाही. मग पोलिसात जावंच काहून? (शेतकरी, ता. दारव्हा)

केबल परत मिळेल अशी आशा आम्ही दाखवणार नाही. चोरलेल्या केबलचं प्लास्टिक जाळून टाकतात आणि उरलेलं तांबं भंगारात जातं. जळालेल्या तांब्यावर ओळखीची खूण राहत नाही. तरीही जावं. त्याची कारणं पोलिसांचं काम कसं चालतं यात आहेत.

ग्रामीण भागातल्या कित्येक ठाण्यांखाली पन्नासच्या वर गावं येतात आणि रात्रगस्तीला गाडी एखाद-दुसरीच असते. ती कोणत्या रस्त्यानं फिरवायची हे नोंदलेल्या गुन्ह्यांवरून ठरतं. दर महिन्याला पोलीस अधीक्षकांकडे गुन्ह्यांची आढावा बैठक होते. तिथं ठाणेदाराला दाखल गुन्ह्यांचं उत्तर द्यावं लागतं, पारावरच्या चर्चेचं नाही. तुमच्या शिवारात आठ जणांच्या केबल गेल्या आणि फिर्याद एकानंच दिली, तर कागदावर तिथं एकच चोरी झाली. मग गस्तीची गाडी दुसऱ्या रस्त्याला गेली म्हणून बोल कोणाला लावणार?

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. अशा चोऱ्या करणारी टोळी बहुधा एका गावावर थांबत नाही. कधीतरी स्थानिक गुन्हे शाखेचं पथक तांब्याच्या बंडलांसह एखादी गाडी पकडतं. आरोपी चौकशीत पाच-सहा शिवारांची नावं घेतात. मग पोलीस त्या त्या ठाण्यातले जुने गुन्हे काढून पाहतात. नोंद असेल तिथं गुन्हा उघडकीस येतो, मुद्देमालातला हिस्सा त्या गुन्ह्यात जमा होतो आणि आरोपीवर एक खटला वाढतो. नोंद नसेल तिथलं तांबं मालकाविना पडून राहतं. जामिनाच्या वेळीही हाच हिशेब होतो. ज्याच्यावर एकच गुन्हा आहे तो लवकर सुटतो, सात गुन्हे असलेल्याला न्यायालय वेगळ्या नजरेनं पाहतं. त्याच्यावरचे उरलेले सहा गुन्हे तुमच्यासारख्या शेतकऱ्यांनी लिहून दिलेले असावे लागतात.

तपास लागला नाही तर पोलीस ‘अ समरी’ पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. लोकांना वाटतं, फाइल मेली. तसं नाही. पुढं आरोपी सापडला की ती पुन्हा उघडता येते. मात्र उघडायला फाइल असावी लागते.

मजुरी वाचवायची असेल तर आदल्या दिवशी फोन करून ठाणे अंमलदाराला वेळ विचारा आणि ज्यांच्या ज्यांच्या केबल गेल्या ते सगळे एकाच दिवशी जा. वेगवेगळ्या रात्रींच्या चोऱ्या असतील तर प्रत्येकाची फिर्याद वेगळी होते, एकाच अर्जाखाली आठ सह्या करून चालत नाही. तुमचा पंप सरकारी योजनेतला सौरपंप असेल तर योजनेच्या पाच वर्षांच्या मुदतीत विमाही असतो, आणि चोरीच्या दाव्याला पोलिसांचा कागद लागतोच.

प्रश्न : फिर्यादीत नेमकं काय लिहायचं? ठाण्यात गेलो की सगळं विसरायला होते. (वाचक, ता. काटोल)

घरूनच कागदावर उतरवून न्या. वस्तू शेवटची कोणी, केव्हा पाहिली आणि नसल्याचं कोणाच्या, केव्हा लक्षात आलं, या दोन वेळा सगळ्यात आधी. ‘काल रात्री’ असं मोघम लिहू नका. ‘मंगळवारी सायंकाळी साडेसहाला मोटार बंद करून घरी आलो, बुधवारी सकाळी सातला केबल दिसली नाही’ असं लिहा. जागेसाठी गावाचं नाव, शिवार, गट क्रमांक, जवळचा पांदण रस्ता नि डांबरी रस्त्यापासूनचं अंतर.

वस्तूंचं वर्णन हा फिर्यादीचा जीव. मोटार असेल तर कंपनी, किती एचपी, पाणबुडी की पृष्ठभागावरची, पाटीवरचा अनुक्रमांक. केबल किती मीटर, किती कोअरची, जाडी किती चौरस मिलिमीटर, जोड कुठं होता, कोणत्या रंगाची टेप लावली होती. स्प्रिंकलरचे पाइप किती नग, किती इंची, नोझल पितळी की प्लास्टिकचे. ज्यानं मोटार बांधून दिली त्या मिस्त्रीला विचारा, त्याला तुमच्यापेक्षा जास्त आठवत असतं. बिल सापडलं नाही तरी दुकानदाराकडून दुसरी प्रत मिळू शकते.

किमतीकडे नीट लक्ष द्या, कारण नव्या कायद्यात इथं मोठा फरक पडला आहे. न्याय संहितेच्या कलम ३०३ खालची साधी चोरी ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल तर ती आता अदखलपात्र आहे. म्हणजे पोलीस नोंद घेतील, पण दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकणार नाहीत. पुष्कळ शेतकरी ‘जुनीच होती, असेल दोन-तीन हजाराची’ असं सांगून स्वतःचं नुकसान करून घेतात. केबलबरोबर स्टार्टर, फ्यूज पेटी, पाइप गेले असतील तर तेही धरा. तशा वापरलेल्या वस्तूला आज बाजारात काय मिळेल ते दुकानात विचारून लिहा. फुगवूनही सांगू नका. पुढं आरोपीचा वकील आणि विमा कंपनीचा माणूस दोघंही बिल मागतात.

आणखी एक. मोटारघराचं किंवा वावरातल्या कोठ्याचं कुलूप तोडून माल नेला असेल तर ते फिर्यादीत यायलाच हवं. राहत्या किंवा माल ठेवायच्या इमारतीतल्या चोरीला कलम ३०५ लागतं. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि किमतीची अट आड येत नाही. तुटलेलं कुलूप उचलून घरी आणू नका. पंचनामा होईपर्यंत ते जिथं पडलं तिथंच राहू द्या, वाटल्यास फोटो काढून ठेवा.

संशयित? कारण असेल तर कारणासह लिहा. ‘अमुक दिवशी हा माणूस केबलची लांबी विचारत होता’ हे कारण झालं. ‘तो तसलाच आहे’ हे नाही. एखाद्या वस्तीचं किंवा जमातीचं नाव घेऊन संशय लिहिण्याची खोड आपल्याकडे आहे. पारधी बेड्याचं नाव टाकलं की तपास त्या दिशेला जातो आणि खरा चोर गावातच निवांत राहतो. जाणूनबुजून खोटा आळ घेतला तर तो तुमच्यावरच उलटू शकतो.

प्रश्न : ठाण्यात अर्ज घेतला, शिक्का मारून प्रत दिली. महिना झाला, कोणी आलं नाही. (वाचक, ता. मंगरूळपीर)

तुमच्याकडे आहे ती अर्जाची पोच. गुन्हा दाखल झालेला नाही. प्रथम खबरी अहवालावर, म्हणजे एफआयआरवर, गुन्हा क्रमांक आणि वर्ष असतं, कलमं असतात, पोलीस अधिकाऱ्याची नि तुमची सही असते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं त्याची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यावीच लागते. अदखलपात्र प्रकरण असेल तर एन.सी. क्रमांक मिळतो, त्याचीही प्रत मागा. दोन्ही नसेल तर अर्ज चौकशीच्या गठ्ठ्यात आहे असं समजा.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. नव्या संहितेनं त्यात एक फट ठेवली आहे. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याची परवानगी घेऊन प्राथमिक चौकशी करता येते, तीही १४ दिवसांत संपवायची. साधी चोरी यात बसते. तेव्हा ठाण्यात जाऊन सरळ विचारा : अशी परवानगी घेतली आहे का, कोणत्या तारखेला? महिना उलटल्यावर ‘चौकशी चालू आहे’ या उत्तराला अर्थ उरत नाही.

आधी ठाणेदाराला भेटा. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर अडलेलं काम पुष्कळदा तिथं सुटतं. नाही सुटलं तर फिर्यादीचा मजकूर जसाच्या तसा लिहून, अर्जाची पोच जोडून पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा आणि टपालाची पावती जपा. नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांत शहराचे पोलीस आयुक्त वेगळे आहेत. गावचं प्रकरण ग्रामीणच्या अधीक्षकांकडे जातं, पाकिटावर ‘ग्रामीण’ लिहायला विसरू नका. त्यानंतरही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावा तिथं मागतात, म्हणूनच ती पावती. वकील परवडत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं नि कमी उत्पन्नाचे लोक त्याला पात्र असतात.

गुन्हा दाखल झाल्यावर ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणं हेही आता पोलिसांचं काम आहे.

प्रश्न : घटना बाजारच्या गावी झाली, आमचं ठाणं वेगळं. ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवलं. (वाचक, ता. पवनी)

परत पाठवता येत नाही. हद्द कोणतीही असो, कोणत्याही ठाण्यात माहिती घ्यावीच लागते. ते शून्य क्रमांकानं नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानंही देता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. बरेच जण ऑनलाइन भरून निर्धास्त होतात आणि सहीला जातच नाहीत.

प्रश्न : धुऱ्याच्या वादात चुलतभावानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं, डोक्याला टाके पडले. पोलीस पाटलांना सांगितलं आहे. गावातले म्हणतात, तंटामुक्तीत मिटवून टाका, गावाचं नाव खराब होते. (वाचक, ता. मूर्तिजापूर)

पोलीस पाटील हा १९६७च्या ग्रामपोलीस कायद्याखालचा माणूस. गावातल्या गुन्ह्यांची खबर वर पोचवणं त्याचं कर्तव्य आहे. पण त्यानं दिलेली खबर म्हणजे तुमची फिर्याद नव्हे. त्यांना तुमच्यासमोरच ठाण्यात फोन लावायला सांगा, वेळ टिपून घ्या आणि नंतर स्वतः जा.

त्याआधी ग्रामीण रुग्णालय. डॉक्टरांना ‘पडलो’ असं सांगू नका. कोणी, कशानं मारलं ते सांगा म्हणजे तशी वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते. खाजगी दवाखान्यात टाके घालून घरी आलेल्यांचे खटले इथंच लंगडे पडतात. पंधरा दिवसांनी जखम भरते आणि ती कधीची, कशानं झाली हे सांगणारं कोणी उरत नाही. हाड मोडल्याची शंका असेल तर एक्स-रे काढून घ्या, त्यावरून कलम बदलतं.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली ती किरकोळ वाद गावातच सुटावेत म्हणून. डोकं फोडल्यावर समितीसमोर बसवणं हा त्या मोहिमेचा गैरवापर आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. तडजोड करायचीच असेल तर कायद्यानं परवानगी दिलेल्या गुन्ह्यांत ती नोंद झाल्यावरही करता येते. नोंद नसताना केलेली तडजोड दुसऱ्या बाजूनं मोडली की हातात काही राहत नाही.

धुरा कोणाचा, हा प्रश्न मात्र पोलिसांचा नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. वहिवाटीची वाट अडवली असेल तर तहसीलदाराकडे १९०६च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली दाद मागा. दोन्ही विषय एकाच अर्जात कोंबले की पोलीस ‘दिवाणी बाब’ असा शेरा मारून मोकळे होतात. मारहाणीच्या फिर्यादीत मारहाणच लिहा.

प्रश्न : गावाबाहेरच्या नाल्यावर हातभट्टी चालते. आम्ही बायका सांगायला तयार आहोत, पण नाव फुटलं तर घरावर येतील. मागं एकदा धाड पडली तेव्हा तिथं काहीच सापडलं नाही. (महिला बचत गट, ता. देवळी)

तुमचा वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा, म्हणून हा धंदा लपूनछपून आणि चांगल्या नफ्यात चालतो. इथं तीन गोष्टींतला फरक समजून घ्या. फिर्याद नावानिशी, सहीनं द्यावी लागते. साक्ष न्यायालयात द्यावी लागते. खबर मात्र नाव न देता देता येते. दारूच्या प्रकरणात पोलीस धाड टाकतात, माल जप्त करतात आणि फिर्यादी बहुधा पोलीसच होतात. तेव्हा तुम्ही खबर द्या, पुढं येऊ नका. खबर कोणाकडून मिळाली हे सांगायला पोलिसाला न्यायालयही भाग पाडू शकत नाही. पुरावा कायद्यातलं हे संरक्षण जुनं आहे आणि भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे.

धाड रिकामी जाण्याचं एक कारण फितुरी, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं कारण म्हणजे कच्ची खबर. ‘नाल्यावर दारू काढतात’ एवढ्यावर गाडी दुपारी येते, तेव्हा भट्टी थंड असते. सडवा, म्हणजे दारू काढायला सडवलेलं रसायन, कुठं मुरत ठेवला आहे, किती ड्रम, जमिनीत पुरले की झुडपात, भट्टी कोणत्या दिवशी नि किती वाजता लागते, माल कोणत्या गाडीनं कोणत्या रस्त्यानं निघतो, गाडी आलेली पाहून खूण करायला पोरगं कुठं बसतं, हे कळवा. सडवा मुरायला काही दिवस जातात, त्यामुळं ड्रम हलवणं सोपं नसतं. तयार दारूपेक्षा सडव्याची खबर जास्त उपयोगी. आणि गावाकडून नाल्यावर जायच्या दोन वाटा असतील तर दोन्ही सांगा.

बीटमधूनच बातमी फुटते अशी शंका असेल तर पोलीस अधीक्षकांच्या नियंत्रण कक्षाला किंवा राज्य उत्पादन शुल्क विभागाला कळवा. ११२ वर फोन केला तर येणाऱ्या गाडीतल्या पोलिसांना तुमचा नंबर मिळतो, वाट विचारायला ते उलट फोन करतात. नाव बाहेर येऊ नये, हे फोनवर सुरुवातीलाच सांगा. उघडपणे करायचं असेल तर २०१६च्या दुरुस्तीनं दारूबंदी कायद्यात ग्रामरक्षक दलाची सोय झाली आहे. त्यासाठी ग्रामसभा लागते आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या पातळीवर मान्यता लागते. एकेकटीनं पुढं येण्यापेक्षा दलानं दिलेल्या खबरीमागं गाव उभं असतं.

प्रश्न : ११२ ला फोन केला, पण गाडी दुसऱ्याच गावाला गेली.

फोन तुमच्या तालुक्यात वाजत नाही, राज्याच्या केंद्रात उचलला जातो. पिंपळगाव, वडगाव, पिंपरी विदर्भात किती आहेत ते मोजून पाहा. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, त्यानंतर काय झालं ते. वावरात असाल तर जवळचं मंदिर, डीपी किंवा पुलाची खूण सांगा. आणि फोन ठेवल्यावर तो बंद करू नका.

प्रश्न : काढून ठेवलेल्या सोयाबीनची गंजी रात्री कोणीतरी पेटवली. पीकविमा मिळेल का? (शेतकरी, ता. चिखली)

नाही. कोणी द्वेषानं केलेलं नुकसान पीकविम्यात धरत नाहीत. म्हणून फिर्याद नीट होणं आणखी गरजेचं.

शेतमालाला आग लावणं हा न्याय संहितेच्या ३२६ व्या कलमातला गुन्हा, शिक्षा सात वर्षांपर्यंत. आग विझल्यावर राख उपसू नका आणि नांगर फिरवू नका. रॉकेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर पोलिसांना तसं सांगून तिथली माती-राख नमुन्यासाठी घ्यायला लावा. नमुना हवाबंद डब्यात जायला हवा, कागदाच्या पुडीत वास उडून जातो. धुऱ्यावरचे पायाचे ठसे, बाटली, काडेपेटी यावर टोपली झाकून ठेवा. एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकानं जागेवर यावं अशी तरतूद आता आहे, ते येणार का हे तपास अधिकाऱ्याला विचाराच.

नुकसानीचा आकडा सिद्ध करायला सातबाऱ्यावरची ई-पीक पाहणीची नोंद सगळ्यात कामी येते. ती नसेल तर वावरात सोयाबीन होतं की नाही इथूनच वाद सुरू होतो. बियाण्याचं बिल, सोंगणीच्या मजुरांची नावं, शेजारच्या वावरात एकरी किती पोती झाली, हे जोडा. तलाठ्याचा पंचनामा वेगळा करून घ्या, पोलिसांच्या पंचनाम्यानं त्याचं काम भागत नाही.

प्रश्न : शेजारी रानडुकरांसाठी कुंपणात करंट सोडतो. तक्रार केली तर वैर येते. (वाचक, ता. चिमूर)

वैर परवडलं. झटका मशीन आणि हे प्रकरण यांत मोठा फरक आहे. मशीन बॅटरीवर किंवा सौर पट्टीवर चालते. तिचा झटका सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरता असतो, जनावर दचकून मागं सरतं. थेट तारेवरचा आकडा किंवा घरचा २३० व्होल्टचा प्रवाह सतत वाहतो, स्नायू आखडतात आणि तारेला लागलेला माणूस सुटू शकत नाही. ओलिताला पहाटे जाणारा मजूर, चुकलेलं ढोर, वाघ, कोणीही मरतं. माणूस मेला तर शेजाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. वन्यप्राणी मेला तर वन्यजीव कायदा, शिवाय वीजचोरी.

महावितरणला १९१२ वर आणि वन विभागाला १९२६ वर कळवता येतं. आधी माणसाच्या जिवाला धोका आहे म्हणून ११२. तार स्वतः काढायला जाऊ नका, काठीनंही नाही. प्रवाह दिवसा बंद असतो आणि रात्री सोडतात, त्यामुळं सोडायची वेळ सांगितल्याशिवाय लाइनमनला काही दिसणार नाही.

प्रश्न : गावातली पोरं रात्री पहारा देतात. चोर सापडला तर बांधून ठेवायचा अधिकार आहे का?

मर्यादित. तुमच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला नागरिक पकडू शकतो, पण जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या ४०व्या कलमात हे आहे. एखादा अनोळखी माणूस रात्री फिरतो, बोली वेगळी आहे, एवढ्यावर पकडता येत नाही. पकडलेल्याला मारायचा अधिकार तर कोणत्याच परिस्थितीत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे आल्याच्या अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. ती अफवा मोबाइलवरूनच फिरली होती.

पहारा देणार असाल तर नावांची यादी ठाण्यात द्या, बीट अंमलदाराचा नंबर प्रत्येकाकडे ठेवा. हातात काठीपेक्षा बॅटरी बरी. संशयास्पद गाडी दिसली तर तिचा नंबर आणि ती कोणत्या फाट्याकडे वळली हे कळवा. पाठलाग करू नका. ग्रुपवर ‘चोर आले’ असा संदेश टाकायच्या आधी ठाण्यात फोन करून खात्री करा.

प्रश्न : कोठ्यातून दोन बकऱ्या गेल्या. बकऱ्यांची ओळख कशी पटवणार? (वाचक, ता. आष्टी)

रंग, शिंगांचा आकार, कानाची चीर, गाभण आहे का, मोबाइलमधले जुने फोटो. फिर्याद त्याच दिवशी द्या आणि पुढच्या दोन-तीन आठवडी बाजारांचे दिवस नि गावं पोलिसांना सांगा, माल तिथंच निघतो. गाय-बैल असेल तर कानातल्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक लिहा. तो आठवत नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंद असते. बिल्ला कापून टाकला तरी कानाला पडलेलं भोक लपत नाही.

प्रश्न : यात्रेत मोबाइल गेला, खात्यातून पैसेही गेले. कोणती तक्रार आधी?

पैसे. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा, रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. बँकेला कळवून खातं थांबवा, मग ठाणं. मोबाइलच्या खोक्यावरचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक घेऊन जा. तक्रारीची प्रत मिळाली की संचार साथी पोर्टलवर तो हँडसेट बंद करता येतो. त्याच नंबरचं नवं सिमकार्डही लागेल, कारण ओटीपी त्यावरच येतो.

प्रश्न : शेजारच्या घरातल्या लहान मुलीशी नात्यातलाच माणूस वाईट वागतो अशी खात्री वाटते. घरचे गप्प आहेत. बाहेरच्यानं पडावं का? (वाचकाचं नाव-गाव राखून ठेवलं आहे)

पडावंच लागेल. पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमानं माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीवर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सद्‌भावनेनं दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही. मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर किंवा ठाण्यात कळवा. मुलीला तुम्ही स्वतः खोदून खोदून विचारू नका. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. गावात कोणाजवळ नाव काढू नका, मुलीची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

प्रश्न : चोरीची मोटारसायकल सापडली, पण ठाण्याच्या आवारात गंजत उभी आहे. पोलीस म्हणतात, कोर्टातून आणा. (वाचक, ता. वरूड)

बरोबर सांगतात. मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशानंच मिळतो. आरसी बुक, विमा, आधार आणि एफआयआरची प्रत घेऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे सुपुर्दनाम्यावर ताबा मिळावा असा अर्ज करा. न्यायालय पोलिसांचं म्हणणं मागवतं. तिथं आठवडे जातात, म्हणून तपास अधिकाऱ्याला तारीख आधीच कळवून ठेवा. नव्या संहितेत मालाची यादी १४ दिवसांत करून, फोटो-चित्रीकरण ठेवून पुढच्या ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यावा असं ४९७व्या कलमात म्हटलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा. आदेशात बंधपत्राची रक्कम असते आणि गाडी विकणार नाही, रंग बदलणार नाही, बोलावल्यावर हजर करू अशा अटी असतात. खटला संपेपर्यंत त्या पाळाव्या लागतात. विम्याची रक्कम आधीच घेतली असेल तर गाडीवर हक्क विमा कंपनीचा, अर्ज करण्याआधी तिच्याशी बोलून घ्या.